टर्बो शाबूत आहे, अक्कल तपासा

घाटात गाडीने दम सोडला की वर्कशॉपमध्ये एकच शब्द ऐकू येतो: टर्बो. बॉनेट उघडण्याआधी ऐकू येतो. कधीकधी गाडी गेटातून आत यायच्याही आधी, फोनवरच. "पिकअप नाही? चढाला ओढत नाही? टर्बो बसला, साहेब." झालं निदान. आता फक्त एस्टिमेट छापायचं बाकी. चाळीस हजार, पन्नास हजार. गाडी मोठी असली तर आणखी वर. आणि ज्या रबरी पाइपने हा सगळा घोळ घातला, तो करंगळीहून बारीक पाइप, मीटरभर घेतला तरी दोन-तीनशे रुपयांच्या पलीकडे न जाणारा, इंजिनाच्या मागच्या अंगाला तसाच फुसफुसत पडलेला असतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही. त्यात नफा काय?

चोर सोडून संन्याशाला सुळी, ही डिझेल दुरुस्तीची सर्रास रीत होऊन बसली आहे. मी ग्रीसने हात काळे केलेला माणूस आहे आणि मला या रीतीचा संताप येतो. टर्बो कधीच बदलू नये असं माझं म्हणणं नाही. शाफ्ट डगमगत असेल, चाकाची पाती घरावर घासत असतील, सील जाऊन इंटरकूलरमध्ये तेल साचत असेल, तर बदला, खुशाल बदला. पण न मोजता बदललात तर ती दुरुस्ती नव्हे, ती विक्री आहे.

मुळात हे यंत्र चालतं कसं ते आधी बघू, कारण एस्टिमेट छापणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते सांगता येत नाही. परीक्षा घेऊन बघा. काउंटरवरच्या टाय लावलेल्या सल्लागाराला विचारा, "टर्बोला व्हॅक्यूम कशाला लागतो हो?" तो तुम्हाला चहा विचारेल.

पेट्रोल इंजिनात हवा अडवायला थ्रॉटलची झडप असते. झडप मिटलेली, पिस्टन हवा मागतोय, हवा मिळत नाही. मॅनिफोल्डमध्ये आपोआप व्हॅक्यूम तयार होतो. डिझेल इंजिन हवा अडवून चालत नाही. त्याची ताकद कमी-जास्त होते ती इंधनाने. त्यामुळे हा फुकटचा व्हॅक्यूम त्याच्या नशिबी नाही, त्यासाठी वेगळा पंप द्यावा लागतो. कधी तो कॅमशाफ्टच्या टोकाला असतो, कधी, विशेषतः जुन्या गाड्यांत, अल्टरनेटरच्या पाठीवर. हा पंप आधी ब्रेकच्या बूस्टरला पोसतो. मग त्याच लाइनवरून बारीक फांद्या फुटतात. काही गाड्यांत एक ईजीआरकडे, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेकडे, जाते. आणि एक जाते टर्बोकडे.

व्हीजीटी म्हणजे पाती हलणारा टर्बो. त्याच्या टर्बाइनच्या चाकाभोवती छोट्या पात्यांचं एक कडं असतं. पाती मिटली की एक्झॉस्टची वाट अरुंद होते, वायू जोराने चाकावर आदळतो, आणि कमी आरपीएमलाही चाक गरगर फिरतं. पाती उघडली की वाट रुंद, जोर कमी. ही पाती हलवतो एक लोखंडी रॉड. रॉडला हलवतं एक पत्र्याचं डबडं, आत रबरी पडदा आणि स्प्रिंग. डबड्यात व्हॅक्यूम आला की रॉड ओढला जातो, पाती मिटतात, बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, चढतो. व्हॅक्यूम गेला की स्प्रिंग रॉडला मागे ढकलते, पाती सताड उघडतात, बूस्ट पडतो. रचना करणाऱ्यांनी हे मुद्दाम असं ठेवलं आहे: काही बिघडलंच तर दाब अवाच्या सवा वाढून इंजिनाचा जीव जाऊ नये, गाडी रांगत का होईना घरी पोचावी.

आता ही गोष्ट डोक्यात घट्ट बसवा. पाइपला चीर पडली तर टर्बो काय करेल? त्याला जे करायला बनवलं आहे तेच. पाती उघडी ठेवेल. गाडी दोन हजार आरपीएमच्या खाली मेंगळटासारखी वागेल, वर गेल्यावर थोडा जीव धरेल. मालकाला वाटेल टर्बो मेला. टर्बो तर शिस्तीत हुकूम पाळतोय! हुकूमच पोचत नाहीये, त्याला तो काय करणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पंप आणि डबडं यांच्या मध्ये एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या डिझेलमध्ये त्याला एन ७५ म्हणतात आणि त्या गाड्यांवर काम करणारा कुठलाही फिटर हे नाव झोपेतही सांगेल. त्याला तीन तोंडं: एक पंपाकडून, एक डबड्याकडे, एक बाहेरच्या हवेला उघडं. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, विजेचे ठोके देऊन ठरवतो की डबड्याला किती व्हॅक्यूम द्यायचा आणि किती बाहेरची हवा मिसळायची. बाहेरच्या हवेच्या तोंडाला बारीक फिल्टर असतो. तो आपल्याकडच्या धुळीने गच्च भरला की डबड्यात शिरलेला व्हॅक्यूम वेळेवर सुटत नाही, पाती मिटलेलीच राहतात, दाब मागणीपेक्षा वर जातो, आणि ईसीयू घाबरून इंधन कापतो. गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे कमी ताकदीवर रांगत. चावी बंद करून पुन्हा चालू केली की परत ठीक! पाती कार्बनने अडकली तरी असंच होतं, म्हणून वर्कशॉपवाले ताबडतोब लिहितात, "टर्बो जाम." फिल्टर काढून बघितला? नाही. सोलेनॉइडची तोंडं उलटी जोडली आहेत का ते बघितलं? तेही नाही. दाब कमी पडला तरी टर्बो, दाब जास्त झाला तरी टर्बो. ज्या सिद्धान्तातून परस्परविरोधी दोन्ही लक्षणांना एकच उत्तर निघतं, तो सिद्धान्त नसतो. तो गल्ला असतो.

आणि मग येतो स्कॅनर. काय त्याचा थाट! पिवळं रबरी कव्हर, टचस्क्रीन, लांबलचक केबल. सल्लागार तो असा धरतो की समोरच्या शेतकऱ्याने दोन पावलं मागे सरकावं. स्क्रीनवर येतं: पी ०२९९. "बघा साहेब, मशीनच सांगतंय." मशीन काय सांगतंय? मशीन इतकंच सांगतंय की मागितला तेवढा बूस्ट मिळाला नाही. अंडरबूस्ट. कुणामुळे, हे त्याने सांगितलेलं नाही. कोड ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. पण फिर्याद वाचून थेट फाशी देणारे न्यायाधीश आपल्याकडे प्रत्येक हायवेला बसले आहेत, आणि दर तासाला मजुरी लावतात.

डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे आग आहे, हे अनुमान आपल्या न्यायशास्त्राच्या पहिल्या धड्यातलं. तो धडा शिकवणारे पंडित तिथेच थांबत नव्हते. हेतू, म्हणजे इथे धूर, साध्याला, म्हणजे आगीला, सोडून दुसरीकडेही राहतो का, हे ते तपासायला लावत. राहत असेल तर तो हेत्वाभास. त्यावरून काही सिद्ध होत नाही. पी ०२९९ हा कोड टर्बो गेल्यावर येतो. व्हॅक्यूमचा पाइप फाटल्यावर येतो. इंटरकूलरचा होज निसटल्यावर येतो. ईजीआर उघडा अडकल्यावर येऊ शकतो, एक्झॉस्ट तुंबल्यावर येऊ शकतो, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर काजळीने माखला तरीही येऊ शकतो. इतक्या घरी राहणारा हेतू घेऊन तुम्ही एकाच घरावर जप्ती कशी आणता? न्यायसूत्रकार गौतमाच्या गुरुकुलात अशा विद्यार्थ्याला परत पहिल्या धड्याला बसवला असता. आपण त्याला सीनियर टेक्निशियनचा बिल्ला देतो.

मोजायला लागतं तरी काय? एक व्हॅक्यूम गेज, एक हातपंप, थोडा पाइप आणि एक टी-जोड. हातपंप चांगला घेतला तरी टर्बोच्या किमतीच्या पुढे चिल्लर. पण त्याबरोबर थोडं ज्ञान लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

एव्हांजेलिस्टा तॉरिचेल्लीने १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीने दाखवलं की हवेला वजन आहे, आणि समुद्रसपाटीला ते सुमारे ७६० मिलिमीटर पारा तोलून धरतं. व्हॅक्यूम काही ओढत नसतो, बाहेरची हवा ढकलत असते. मग बाहेर हवाच विरळ असेल तर? रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गेज जास्तीत जास्त जितका दाखवेल, तितका पुण्यात दाखवणार नाही. पुण्यात वातावरणाचाच दाब सुमारे ७१० मिलिमीटर आहे. महाबळेश्वरला तो ६५० च्या आसपास येतो. त्यामुळे महाबळेश्वरच्या पार्किंगमध्ये पंपाने ६०० दाखवले तर तो पंप निरोगी आहे. हेच ६०० रत्नागिरीत दाखवले तर संशय घ्यायला जागा आहे. स्कॅनरच्या आकड्याचंही तेच. इंजिन बंद, चावी चालू, या स्थितीत मॅप सेन्सरने त्या गावच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे: किनाऱ्यावर १०१० मिलिबारच्या आसपास, पुण्यात ९५० च्या आसपास. पुण्यात उभ्या, बंद इंजिनाच्या गाडीत तो १०८० दाखवत असेल तर टर्बोचा विषय काढण्याआधी सेन्सर बघा, त्याची वायर बघा. ही तपासणी करायला चावी फिरवण्यापलीकडे काही लागत नाही. किती जण करतात? मला तर दिसत नाहीत. उलट, स्क्रीनवर २००० मिलिबार पाहून "टर्बो दोन बार मारतोय" असं छातीठोक सांगणारे भेटतात. अरे, त्यातला एक बार तर आकाशाने दिलाय! टर्बोची कमाई उरलेल्या एका बारची.

एक गाडी सांगतो. कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात तिने मान टाकली. सात माणसांची डिझेल, वय दहाच्या पुढे, मालक तरुण पोरगा. एका वर्कशॉपने टर्बो असेंब्लीचं एस्टिमेट हातात दिलेलं, वर इनटेक क्लीनिंग, वर इंजिन ऑइल. पोरगा माझ्याकडे आला तेव्हा अर्धे पैसे कुठून उभे करायचे या विचारात होता.

"मेस्त्री काका, टर्बो सांगितलाय."

"टर्बो राहू दे. सकाळी गार गाडी कशी चालते?"

"एकदम बेस्ट. गरम झाली की मरते."

"आणि ब्रेक?"

"ब्रेकला काही नाही."

इथेच अर्धं काम झालं. ब्रेक ठीक, म्हणजे पंप बहुधा जिवंत. गार असताना पळते, म्हणजे टर्बोचं चाक फिरतंय. गरम झाल्यावर मरते, म्हणजे उष्णतेने काहीतरी बदलतंय. हे दोन प्रश्न विचारायला त्या वर्कशॉपमध्ये कोणाला वेळ नव्हता. त्यांनी गार गाडी सिग्नलपर्यंत नेली, परत आणली, आणि जॉब कार्डवर लिहिलं: टेस्ट ड्राइव्ह केली.

इंजिन गरम होऊ दिलं. टॉर्च टर्बोच्या रॉडवर धरला. इंजिन स्टार्ट करताच रॉड पुरता ओढला जायला हवा होता. तो निम्म्यावर येऊन थरथरत राहिला. इंजिन बंद करून डबड्याचा पाइप काढला, हातपंप लावला. काट्याने शंभर ओलांडल्यावर रॉड हलायला लागला, पाचशेच्या आत पूर्ण आत गेला, मध्ये कुठे अडकला नाही, खरखरला नाही. पंप मारणं थांबवलं. काटा जागचा हलला नाही. म्हणजे पाती मोकळी, पडदा धड. ज्या टर्बोवर आरोपपत्र दाखल झालं होतं तो चहा निवायच्या आत निर्दोष सुटला. मग गेज पंपाच्या तोंडाशी जोडला: ६७० च्या वर, काही सेकंदांत. तोच गेज सोलेनॉइडच्या आत येणाऱ्या तोंडाशी: चारशेलाही पोचेना. पंपाकडे आहे आणि सोलेनॉइडकडे नाही, तर जातंय कुठे? मधल्या रस्त्यातच.

तो मधला पाइप एका पत्र्याच्या ब्रॅकेटखालून गेला होता. वर्षानुवर्षं घासून तिथे त्याची पाठ गुळगुळीत, चकचकीत झालेली. सरळ धरला तर काहीच दिसत नव्हतं. वाकवला, आणि नखाएवढी चीर उघडली. सोडला, मिटली. गार असताना रबर ताठ असायचं, चीर मिटलेली राहायची. घाटात बॉनेटखाली भट्टी पेटली की रबर मऊ पडायचं, चीर ओठ उघडायची. पोराच्या हातात मी तो तुकडा दिला. त्याने तो वाकवला, सोडला, परत वाकवला. मग म्हणाला, "याच्यासाठी टर्बो?"

हो. याच्यासाठी टर्बो. कारण टर्बोला पार्ट नंबर असतो आणि विचाराला नसतो.

नवा जाड पाइप टाकला, ब्रॅकेटपासून लांब नेऊन बांधला, कोड पुसला, माणसं बसवून चढावर नेली. तिसरा गिअर, पेडल पूर्ण खाली, स्कॅनरवर मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट दोन्ही समोर. दोन्ही आकडे हातात हात घालून वर गेले. स्कॅनर यासाठी असतो! मी स्कॅनरचा शत्रू नाही; माझा राग त्याच्या आडून डुलक्या काढणाऱ्यांवर आहे.

आता तुमच्या मनात एक रास्त प्रश्न असेल. ही पद्धत इतकी चुकीची आहे तर टर्बो बदलल्यावर गाड्या चालू कशा होतात? होतात, आणि त्यातच सगळी मेख आहे. नव्या टर्बो असेंब्लीबरोबर बहुधा नवं डबडं येतं. जुना काढताना सगळे पाइप उपसले जातात, नवा बसवताना पुन्हा नीट दाबून बसवले जातात. सैल झालेलं टोक घट्ट बसतं. चिरलेलं टोक एखादा शहाणा हेल्पर कापून टाकतो आणि उरलेला पाइप पुढे ओढून लावतो. गाडी पळते. सल्लागार विजयी मुद्रेने म्हणतो, "बघा, टर्बोच होता." कावळा बसला आणि फांदी मोडली. काकतालीय न्यायावर उभा असलेला एवढा फायदेशीर धंदा दुसरा नसेल. जुना टर्बो कुठे जातो? एक्स्चेंजमध्ये. तो उघडणाऱ्या रिकंडिशनवाल्याला आत काही सापडलं नाही, हे मालकाला कळवायची कोणाला गरज वाटत नाही.

आणि गाडी पळाली नाही तर? तर आरोपी बदलतो. आधी टर्बो, मग सोलेनॉइड, मग मॅप सेन्सर, मग हाय प्रेशर पंप, शेवटी ईसीयू. दर वेळी तोच आत्मविश्वास, तोच आवाज. कालच्या निदानाबद्दल अवाक्षर नाही. पन्नास हजारांचा टर्बो नवा, त्यावर खोचलेला पाइप मात्र गाडी शोरूममधून निघाली त्या दिवसाचा. जॉब कार्डवर व्हॅक्यूम हा शब्द एकाच ठिकाणी सापडतो: सीट झाडल्याच्या बिलात.

मोठ्या वर्कशॉपला शिव्या घातल्या म्हणून रस्त्यावरच्या उस्तादांनी मिशीला पीळ देऊ नये. त्यांचे प्रताप वेगळे. फाटलेल्या पाइपच्या जागी सलाइनची नळी लावलेली मी पाहिली आहे. सलाइनची! पातळ भिंतीची नळी व्हॅक्यूम बसला की आतल्या आत चपटी होते, आणि गरम इंजिनाजवळ लोंबून मोकळी होते. काही महाभाग डबड्याच्या रॉडचा नट फिरवून लांबीच बदलतात. गळती तशीच ठेवून पाती कायमची थोडी मिटलेली ठेवायची, म्हणजे खाली पिकअप येतो. वरच्या आरपीएमला दाब हाताबाहेर गेला की टर्बो खरोखर फुटतो, आणि तेव्हा हेच म्हणतात, "मी सांगत होतो ना!" तिसरी जात ईजीआरला पत्रा ठोकणाऱ्यांची आणि रीमॅप विकणाऱ्यांची. गाडीत पंधरा घोडे वाढवून देतो म्हणतात. अरे बाबा, आहेत ते घोडे चिरीतून पळालेत, त्यांना आधी तबेल्यात आण.

सगळ्या गाड्यांना एकच फूटपट्टी लावणारा माणूसही तितकाच धोकादायक, म्हणून हे सांगितलंच पाहिजे. प्रत्येक टर्बो व्हॅक्यूमवर चालत नाही. आपल्या रस्त्यांवर ज्याच्या लाखो प्रती धावल्या ते फियाटचं १.३ मल्टिजेट घ्या. ७५ हॉर्सपॉवरच्या रूपात त्याचा टर्बो स्थिर भूमितीचा, वेस्टगेटवाला, म्हणजे जास्तीचा वायू बाजूने सोडणारी झडप असलेला. ९० च्या रूपात पाती हलणारा. साध्या वेस्टगेटचं डबडं बहुतेक वेळा टर्बोच्याच दाबावर चालतं, आणि तिथे पाइप फाटला तर वेस्टगेट उघडत नाही, दाब उलट वाढतो. नव्या अनेक गाड्यांत पाती हलवायला छोटी विजेची मोटर असते, तिथे व्हॅक्यूमचा पाइप शोधत बसणारा मूर्ख ठरेल. आणि गाडी काळा धूर ओकत असेल, जोर दिल्यावर फस्स आवाज येत असेल, तर आधी इंटरकूलरचे होज चाचपा, साबणाचं पाणी मारा. समोर कुठलं यंत्र आहे हे आधी ओळखा, मग बोला.

या महाराष्ट्रात या गाड्या घडल्या. रांजणगावला मल्टिजेट इंजिनं बनली, चाकणला फोक्सवॅगन उभी राहिली, नाशिकला स्कॉर्पिओ. वाहनं तपासणारी एआरएआय १९६६ पासून पुण्यात आहे. आणि त्याच पुण्यापासून दोन तासांवर, घाटाच्या पायथ्याला, एका गेजचा काटा वाचणारा माणूस मिळू नये, ही शरमेची गोष्ट आहे. १ एप्रिल २०२० ला बीएस ६ हे प्रदूषणाचं मानक आलं, मारुतीसारख्या कंपनीने डिझेलच सोडलं. त्याआधीच्या बऱ्याच डिझेल गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. वडापवाले, भाजीवाले, लग्नाच्या भाड्याला जाणारे. त्या गाड्यांचं रबर म्हातारं झालंय, पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली संसार थाटून पाइप कुरतडतात. म्हणजे नेमकी गळती वाढायच्या दिवसांत, नेमक्या कमी पैसेवाल्या माणसाच्या हातात ही वाहनं आली आहेत. पन्नास हजार हा त्याच्यासाठी बिलाचा आकडा नसतो. ते पोरीच्या फीचे पैसे असतात.

आणि पैशाहून मोठी गोष्ट बाकीच आहे. ज्या पंपावर टर्बो चालतो, त्याच पंपावर ब्रेकचा बूस्टर चालतो. ऑइल वेळेवर न बदलल्याने पंपात गाळ बसतो, त्याला तेल पोचत नाही, आतली पाती झिजतात, व्हॅक्यूम हळूहळू पडत जातो. टर्बो पहिल्यांदा कुरकुरतो, कारण ब्रेकजवळ साठा असतो. त्या कुरकुरीला "टर्बो मागवलाय, येईपर्यंत सावकाश चालवा" असं उत्तर देऊन जो वर्कशॉपवाला गाडी घाटात परत पाठवतो, त्याने व्हॅक्यूम मोजलेला नसेल तर तो लोकांच्या जिवाशी खेळतो आहे. मी हे रागाच्या भरात लिहीत नाही. उतारावर, भरलेल्या गाडीत, पेडल दगडासारखं घट्ट झालं की काय होतं ते घाटातल्या लोकांना माहीत आहे.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता, आणि आजच तपासा. इंजिन बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, ब्रेक दाबा. पहिले एक-दोन दाब मऊ लागले पाहिजेत. पहिलाच दाब घट्ट लागला तर बूस्टरचा चेक व्हॉल्व्ह किंवा लाइन गळते आहे. मग पेडल दाबून दाबून साठा संपवा, पाय पेडलवर तसाच ठेवून इंजिन स्टार्ट करा. पेडल थोडं खाली बसलं पाहिजे. बसलं नाही तर गाडी घाटात नेऊ नका, टर्बोचं नंतर बघू.

आणि टर्बोचं एस्टिमेट हातात पडलं तर सही करण्याआधी तोंड उघडा. संकोच करू नका, पैसे तुमचे आहेत. पंपापाशी व्हॅक्यूम किती आला, सोलेनॉइडपाशी किती आला, डबड्याला हातपंप लावल्यावर रॉड किती मिलिमीटर पाऱ्याला पूर्ण आत गेला आणि काटा टिकला का, हे जॉब कार्डवर लिहून मागा. रॉड हलताना डोळ्यांनी दाखवायला सांगा. टर्बो बदलायचाच ठरला तर जुना तुमच्यासमोर काढायला सांगा, त्याचा शाफ्ट स्वतःच्या बोटांनी हलवून बघा, आणि बसवताना व्हॅक्यूमचे सगळे पाइप नवे घालायला लावा. नाही म्हणाले तर चावी उचला आणि बाहेर पडा. फसवलं गेलात तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीविरुद्ध दाद मागता येते, आणि तेव्हा हेच आकडे लिहिलेलं, किंवा न लिहिलेलं, जॉब कार्ड तुमच्या कामी येईल. आकडा दिल्याशिवाय सही देऊ नका.